जीसीसी १४ आल्यापासून जुना सी प्रकल्प बिल्ड होत नाही

प्रश्न
नमस्कार. सी भाषेतला आमचा एक जुना प्रकल्प जीसीसी ९ या कंपायलरवर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन) कित्येक वर्षे बिनतक्रार बिल्ड होत होता. सर्व्हर अद्ययावत करताना कंपायलर थेट १४ वर गेला आणि कोडची एकही ओळ न बदलता बिल्ड कोसळले. मजकुराची प्रत काढणाऱ्या ‘स्ट्रडप’ या फंक्शनचे डिक्लरेशन (आगाऊ घोषणा) नाही, असा एरर येतो; प्रत्यक्षात ‘स्ट्रिंग डॉट एच’ हेडर त्या फाइलमध्ये जोडलेले आहे. ‘-एफपरमिसिव्ह’ हा फ्लॅग दिल्यावर एररच्या वॉर्निंग झाल्या, पण मग लिंकरने (कंपाइल झालेले तुकडे जोडणारे साधन) ‘व्हर्बोज’ या ग्लोबल व्हेरिएबलची डेफिनिशन अनेकदा सापडल्याचे सांगून काम थांबवले. जुन्या कंपायलरवर परत जावे काय?

प्रतिसाद १
लिंकरचे दुखणे सोपे आहे. कुठल्यातरी हेडरमध्ये ‘इंट व्हर्बोज’ असे ‘एक्स्टर्न’विना (व्हेरिएबल दुसरीकडे डिफाइन केले आहे, असे सांगणारा शब्द) लिहिलेले असणार. अशा व्याख्या पूर्वी लिंकर मुकाट्याने एकत्र करत असे. २०२० मधील जीसीसी १० पासून ‘-एफनो-कॉमन’ हे डीफॉल्ट झाले, म्हणजे हे एकत्रीकरण बंद झाले. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लावा आणि डेफिनिशन एकाच सी फाइलमध्ये ठेवा.

प्रतिसाद २
‘-एफपरमिसिव्ह’ कृपया काढून टाका, कारण तुमचा पहिला एरर खऱ्या बगवर बोट ठेवतो आहे. तुमच्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) बहुधा ‘-एसटीडी=सी९९’ असेल. ‘स्ट्रडप’ सी९९ मानकात नसल्यामुळे या काटेकोर मोडमध्ये जीलिबसीचे (लिनक्सवरील सीची मूळ लायब्ररी) हेडर ते झाकून ठेवते, आणि डिक्लरेशन न दिसल्यावर जुना कंपायलर हे फंक्शन ‘इंट’ परत करते असे गृहीत धरून पुढे जात असे. ६४ बिटांच्या लिनक्सवर पॉइंटर ६४ बिटांचा आणि ‘इंट’ ३२ बिटांचा असतो, म्हणजे पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो. मग इतकी वर्षे चालले कसे? प्रोग्रॅम ‘पाय’ (पीआयई, म्हणजे मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चढवता येणारा प्रोग्रॅम) म्हणून बांधलेला नसेल, तर हीप (चालू असताना मागितलेली मेमरी) सहसा खालच्या पत्त्यांवर असतो आणि गळालेला भाग शून्यच असतो. ‘पाय’ चालू झाले की तोच कोड सेगफॉल्ट देतो (चुकीच्या पत्त्यामुळे कोसळतो). ‘-एसटीडी=ग्नू९९’ करा, किंवा हेडर जोडण्यापूर्वी ‘_पॉझिक्स_सी_सोर्स’ची किंमत २००८०९एल ठेवा.

प्रतिसाद ३
वरील उत्तर योग्यच आहे. एक भर घालतो, कारण मी स्वतः यात दोन दिवस घालवले आहेत. प्रकल्पात जुनी कॉन्फिगर स्क्रिप्ट (बिल्डपूर्वी सिस्टिममध्ये कोणत्या सुविधा आहेत ते तपासणारी) असेल, तर बिल्ड यशस्वी झाले म्हणून निर्धास्त होऊ नका. तिच्यातले चाचणी-प्रोग्रॅम अनेकदा ‘मेन’चा परतीचा प्रकार न देता, हेडर न जोडता ‘एक्झिट’ वापरतात. जीसीसी १४ ते नाकारतो, स्क्रिप्ट मात्र ‘ही सुविधा उपलब्ध नाही’ असा निष्कर्ष काढून निमूटपणे पुढे जाते. दोन्ही कंपायलरांवर तयार झालेल्या ‘कॉन्फिग डॉट एच’ फाइलींचा (तपासणीचे निष्कर्ष यात असतात) डिफ, म्हणजे ओळवार फरक, काढा, फरक दिसेल तिथले कारण ‘कॉन्फिग डॉट लॉग’मध्ये शोधा.

आणि जीसीसी १५ वर जाणार असाल तर तिथे डीफॉल्ट सी२३ हे नवे मानक आहे: ‘बूल’ हा कीवर्ड झाल्याने त्या नावाचे टाइपडेफ (स्वतः दिलेले प्रकाराचे नाव) मोडते, आणि रिकाम्या कंसाचा अर्थ ‘एकही आर्ग्युमेंट नाही’ असा होतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मेकफाइलमध्ये सी९९ च होते. ग्नू९९ केल्यावर एरर गेला, आणि ‘व्हर्बोज’ तीन फाइलींत डिफाइन होत होते. डिफमध्ये एक ओळ निघाली: ‘एमएमॅप’ची (फाइल थेट मेमरीत जोडण्याची) सुविधा बंद झाली होती.