लालबागजवळ फुटपाथवर रोमन आकडा कोरलेला दगड कसला? आणि मुंबईत असं अजून काय काय आहे?

चालत_निघालेली:
नमस्कार मंडळी. डॉ. आंबेडकर रोडवर लालबागच्या आसपास फुटपाथच्या कडेला एक काळा दगड आहे, गुडघ्याएवढाही वर नाही, त्यावर इंग्रजी अक्षरं कोरलीयत पण खालची सगळी जमिनीत गेलीयेत, वर फक्त एक उभी रेघ आणि तिला लागून व्ही एवढंच नीट दिसतं. बाजूच्या पानवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले पहिल्यापासून इथेच आहे, कधी कधी कुणीतरी फूल ठेवून जातं. हा दगड कसला आहे, कुणाला माहितीये का?

दुसरं म्हणजे माझा भाचा नागपूरहून येतोय, त्याला चित्रकलेच्या कॉलेजला जायचंय. गेटवे आणि राजाबाई टॉवर सगळेच बघतात, मला त्याला रस्त्यातल्या अशा गोष्टी दाखवायच्यात ज्यांच्याखालून आपण रोज जातो आणि वर बघत नाही. प्लीज सुचवा.

गिरणगावचा_नातू:
ताई, तो मैलाचा दगड आहे! रोमन चार. पूर्ण मजकूर असा असतो की सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल. हे चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं कॅथेड्रल, १७१८ साली सुरू झालेलं, आणि किल्ल्याच्या भिंतीतलं जे गेट त्या चर्चकडे जायचं ते चर्चगेट. मुंबईतली अंतरं तिथून मोजायचे. चार मैल म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर, लालबागला हिशोब बरोबर बसतो.

तो बुटका नाहीये बरं का, रस्ता वर आलाय. दर वेळी जुन्या थरावर नवा थर टाकला, फुटपाथ उचलला, की दगड अजून चार बोटं खाली जातो. हे दगड हेरिटेज यादीत आहेत आणि पालिकेने त्यातले काही खणून, साफ करून परत नीट उभे केलेत, त्यामुळे तुम्ही फोटो काढून वॉर्ड ऑफिसला आणि पालिकेच्या हेरिटेज विभागाला नक्की पाठवा, जवळच्या दुकानाची खूण देऊन. फुटपाथचं काम निघालं की खणणाऱ्या माणसाला तो नुसता मध्ये येणारा दगड वाटतो, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

छिन्नी_हातोडा:
भाचा चित्रकलेचा आहे ना, मग त्याला सगळ्यात आधी पानसरे दाखवा. फ्लोरा फाउंटनजवळ महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत आहे, १९३६ची, मास्टर, साठे आणि भुता या आर्किटेक्टांची, आणि तिच्यावरची शिल्पं ना. ग. पानसऱ्यांची. पानसरे आपल्या जे.जे.चे, म्हणजे मुंबईतल्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे. मी त्या भागात वर्षानुवर्षं नोकरी केली आणि तरी अजून तिथून जाताना थांबतोच.

आधी फ्लोरा नीट बघायला सांगा, १८६४चं कारंजं, फुलांची रोमन देवी, दगडसुद्धा इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड स्टोन. मग रस्ता ओलांडून इकडे यायचं आणि वर बघायचं. शेतकरी, कुंभार, सूत कातणारी बाई. म्हणजे इंग्रजांचं राज्य चालू असताना, त्यांच्या फोर्टात, त्यांच्या देवीच्या हाकेवर एका देशी कंपनीने आपल्या दर्शनी भिंतीवर आपल्या गावातली काम करणारी माणसं कोरून घेतली, आणि तीही दीनवाणी नाहीत, चांगली भरदार आणि ताठ आहेत. इमारत आर्ट डेको आहे, सगळ्या सरळ उभ्या रेषा, आणि माणसंही त्याच रेषेत बसवलीयत, अंगावरच्या कपड्याच्या चुण्या बघा, बारकावे जवळपास गाळून टाकलेत आणि तरी कोण काय काम करतोय ते लांबून कळतं. शिकणाऱ्या मुलासाठी याच्याइतका चांगला धडा मला माहीत नाही. वही घेऊन जा, ऊन तिरपं असताना जा, उठावाच्या शिल्पात सगळा खेळ सावलीचा असतो, भर दुपारी ते सपाट दिसतं.

आणि मला मनापासून वाईट वाटतं की फ्लोरा कुणी बांधलं हे दहा ठिकाणी वाचायला मिळतं, पण पानसऱ्यांचं नाव त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या मराठी माणसालाही माहीत नसतं.

बाजारगेट:
प्याऊ विसरू नका! जीपीओच्या मागच्या अंगाला मिंट रोडवर मुळजी जेठा फाउंटन आहे, १८९४ची पाणपोई, रतनसी मुळजींनी मुलगा धरमसी वारला त्याच्या आठवणीत बांधलेली. सगळ्यात वर बघा, पुस्तक वाचत बसलेला एक मुलगा आहे, तो धरमसी. डिझाइन एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं, म्हणजे ज्याने सीएसएमटी बांधलं तोच. बापाने मुलाची आठवण ठेवायला कुठल्या खोलीत तसबीर न लावता भर बाजारात हमालाला पाणी प्यायची सोय केली, मला हे फार मोठं वाटतं. अशा पाणपोया शहरात बऱ्याच होत्या, काहींना खाली बैलांसाठी वेगळी कुंडी पण असायची. बऱ्याच कोरड्या पडल्यात, ही मात्र दुरुस्त करून घेतलीय.

वकिलीणबाई:
हायकोर्टातलं माकड पण सांगा त्याला. एका खांबावर माकड कोरलंय, हातात न्यायाचा तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी, म्हणजे एक डोळा उघडा! दुसरीकडे वकिलाचे बँड, म्हणजे गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या, घातलेला कोल्हा. इमारत १८७८ची. एका पारशी कंत्राटदाराने केस हरल्याच्या रागाने कोरलं असं सगळे सांगतात पण ती ऐकीव गोष्ट आहे, त्याला पुरावा म्हणून सांगू नका. शिवाय हे रस्त्यावरून दिसत नाही, आत जावं लागतं, हेरिटेज वॉक असेल तेव्हाच बघायला मिळेल.

त्यापेक्षा सीएसएमटी सोपं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह म्हणजे इंग्लंड आणि दुसरीकडे वाघ म्हणजे हिंदुस्थान हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण घड्याळाच्या खालचा रिकामा कोनाडा बघा, तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. आणि भिंतीवरची माकडं, मोर, पानंफुलं यांचं बरंचसं काम जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी केलंय, म्हणजे भाच्याच्या वयाच्या पोरांनी. त्यांची नावं कुठेच कोरलेली नाहीत. इमारत पुरी झाली १८८८ला.

चालत_निघालेली:
बापरे, किती दिलंत सगळ्यांनी, खूप आभार. रविवारी सकाळी सीएसएमटीपासून निघून मिंट रोड, मग सेंट थॉमस आणि शेवटी फ्लोरा असं करू का?

छिन्नी_हातोडा:
उलटं करा. फ्लोरापासून सुरुवात करा, मुलाला तिथे बसून स्केच करायला तासभर तरी द्या, नंतर दमल्यावर ते नीट होत नाही. सीएसएमटी शेवटी ठेवा, नागपूरची गाडी तिथूनच असेल तर सामान घेऊनच निघा आणि गाडीच्या वेळेपर्यंत त्याला बाहेरच्या फुटपाथवर उभा राहू द्या.