मदत हवी आहे: वडगावातलं जुनं घर मागं वाढवायचंय, आर्किटेक्टशी काय ठरवून घ्यावं?

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला आमचं कौलारू घर आहे, मातीच्या दीड फुटी भिंतींचं. आईबाबांना आता जिना झेपत नाही, म्हणून मागं परड्यात एक खोली आणि न्हाणी-संडास काढायचाय. सगळं मिळून २६० चौरस फूट.

उन्हाळ्यात एका इंजिनियरला बोलावलं होतं (आपल्याकडं प्लॅन काढणारा प्रत्येक जण इंजिनियरच की). त्यानं जागेची लांबी घेतली, खोल्या आतून मोजल्या, भिंती मोजल्याच नाहीत. कागदावर सगळ्या ९ इंची. आडव्या भिंती चार, म्हणजे परडं बसल्या जागी ३ फुटांनी वाढलं! त्यात एक खांब दाखवला तो शेवटच्या खोलीत, जिथं आजोबांच्या हातमागाचा खड्डा होता. बाबांनी तो माती-विटांचे तुकडे टाकून बुजवला, वर शहाबादी घातली. तिथली फरशी अजून पायाखाली दबते. त्यानं विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही.

आता रीतसर आर्किटेक्टच बघायचा म्हणून दोघांना भेटलो. एक खर्चाच्या ५ टक्के मागतो. बांधकाम ५ लाख २० हजारांचं धरलं तर २६,००० रुपये. दुसरा फुटाला ३० रुपये, म्हणजे ७,८००. एवढा फरक का? आणि उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यानं काही अडतं का?

प्रतिसाद १
दादा, आकडा नंतर, त्यात काय काय येतं ते लिहून घ्या. ७,८०० मध्ये बहुतेक फक्त पास करायचा नकाशा असणार. आहे त्या घराची मापं, आरसीसी डिझाइन, गवंड्याला लागणारे तपशीलवार नकाशे, साइटवर किती फेऱ्या, हे दोघांनाही विचारा. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक 'सीए'नं सुरू होतो, पुढं नोंदणीचं वर्ष असतं. १९७२ च्या कायद्यानं नोंदणीशिवाय ते नाव लावता येत नाही.
आणि तुमच्याकडं काळी माती असेल तर नवी भिंत जुन्या भिंतीत अडकवू नका. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, जोडावर चीर ठरलेली. मध्ये फट सोडून वरून पाणी जाणार नाही असं झाकायला सांगा. आम्ही नाही सोडली, आता दर वर्षी पुट्टी भरतोय.

प्रतिसाद २
वारसा नोंद आधी घाला. मोजमाप, नकाशा तोवर होऊ दे, पण परवानगीचा अर्ज मालकाच्याच नावानं जातो. आत्या असतील तर त्यांनाही आत्ताच विचारा, नंतर नको.

धागाकर्ता
आत्या दोन आहेत, दोघी निपाणीला. दसऱ्याला येतील तेव्हा विषय काढतो. पाच टक्केवाल्यांना रविवारी बोलावलंय. बाबा म्हणतात, ते यायच्या आत मीच फरशी उचलून ठेवतो.