ख्रिस्ती सेवाकार्यांनी शिकवणीचे साहित्य विकावे का?

तंबूकार

बायबल अभ्यासमाला, उपदेशांची ध्वनिमुद्रणे, पाळकांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिका आणि अलीकडे ऑनलाइन अभ्यासक्रम यांना किंमत लावणे हे ख्रिस्ती सेवाकार्यांच्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्याबद्दल प्रश्न विचारणाराच विक्षिप्त ठरतो. तरीही विचारतो, आणि माझे मत आधीच सांगून टाकतो: सेवकाला मोबदला मिळालाच पाहिजे, पण तो शिकणाऱ्याकडून किंमत म्हणून वसूल होऊ नये.

येशूने बारा शिष्यांना पाठवताना ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या’ असे सांगितले (मत्तय १०:८) आणि दोनच ओळींनंतर कामकरी आपल्या अन्नाला पात्र आहे, असेही सांगितले (१०:१०). वाद घालताना एका पक्षाने पहिली ओळ धरायची आणि दुसऱ्याने दुसरी, अशी आपली रीत आहे. एकाच श्वासात सांगितलेल्या या दोन गोष्टी एकत्र वाचल्या, तर चित्र स्पष्ट होते. ज्या घराने शिष्यांना ठेवून घ्यावे, त्याने त्यांना जेवू घालावे. मात्र आधी पैसे मोजा आणि मग देवाच्या राज्याची वार्ता ऐका, असे शिष्यांनी कोणाच्याही दारात म्हणायचे नव्हते.

पौल या प्रेषितानेही हेच पाळले. सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, हा हक्क तो करिंथकरांस पहिल्या पत्रात ठणकावून मांडतो (९:१४) आणि चारच ओळी पुढे, सुवार्ता फुकट सांगता यावी म्हणून आपण तो बजावला नाही, असे लिहितो. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू शिवत होता. तिथे त्याची उणीव भरून काढली ती मासेदोनियाहून आलेल्या बंधूंनी (२ करिंथ ११:९), आणि त्याआधी थेस्सलनीकेत असताना त्याला मदत पाठवली ती फिलिप्पैच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायाने. म्हणजे पैसा येत होता, पण तो शिकवणीतून घडलेल्या आणि आता तिच्या प्रसारात भागीदार झालेल्या लोकांकडून. ज्याला अजून ऐकायचे आहे, त्याच्यासमोर हिशेबाची वही उघडली जात नव्हती.

आमच्या अभ्यासगटात एकदा कृपेविषयीचा एक पाठ वाटला गेला. देवाची कृपा विनामूल्य आहे, असे त्याचे मोठ्या अक्षरातील शीर्षक होते आणि त्याच पानाच्या तळाशी बारीक टायपात ‘लेखी परवानगीशिवाय या पाठाचा कोणताही भाग छापू नये वा प्रतिलिपी काढू नये’ अशी तंबी होती. आम्ही अर्थातच प्रतिलिपी वाचत होतो. विश्वासणाऱ्यांना शास्त्र शिकण्यासाठी नियम मोडावा लागतो अशी व्यवस्था कोणी आणि का उभी केली, एवढाच माझा प्रश्न आहे.

मुद्रितवाचक

तंबूकार, तुमची मांडणी सुंदर आहे, पण तिच्यात छापखाना कुठेच नाही. मी अशा पुस्तकांची मुद्रिते तपासते, तेव्हा थोडे व्यवहाराचे बोलते.

एका साध्या अभ्यासपुस्तिकेत काहीशे शास्त्रसंदर्भ असतात आणि त्यांतला प्रत्येक संदर्भ बायबल उघडून ताडून पाहावा लागतो, कारण १ योहान ४:१० च्या जागी योहान ४:१० छापले गेले, तर वाचक प्रीतीऐवजी विहिरीपाशी जाऊन पोहोचतो. अनुवादकाने एक आवृत्ती वापरलेली असते आणि संपादकाने दुसरी, त्यामुळे अवतरणे जुळत नाहीत. मग ती एकसारखी करायची, सिद्धान्ताच्या जाणकाराकडून वाचून घ्यायची, मांडणी झाल्यावर पाने सरकली म्हणून अनुक्रमणिका पुन्हा लावायची. हे काम करणारी माणसे घरभाडे भरतात. ‘मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको’ हे वचन पौलाने तीमथ्याला लिहिताना उद्धृत केले, ते वचनाच्या व शिक्षणाच्या बाबतीत श्रम घेणाऱ्यांबद्दलच (१ तीमथ्य ५:१७–१८). मुद्रितशोधक त्या श्रमांतून वगळलेला आहे, असे मला तरी वाटत नाही.

आता फिलिप्पैच्या मंडळीचे. तसा पाठीराखा ज्याला लाभला, त्याने जरूर फुकट द्यावे. ज्या छोट्या सेवाकार्याला तो नाही, त्याने काय करायचे? वाचकाकडून खर्चापुरती किंमत घेतली की पुढच्या पुस्तकाचा कागद येतो. यात व्यापार कुठे आला? किंमत छापलेली असते, सगळ्यांना सारखी असते, आणि ती देऊन झाल्यावर वाचक कोणाच्याही उपकाराखाली राहत नाही.

जमाखर्च

मुद्रितवाचक यांच्या शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा आहे. देणगीवर चालणारे साहित्य फुकट असते, हा गोड गैरसमज आहे. त्याची किंमत फक्त दुसरीकडे वसूल होते. ‘विनामूल्य’ पुस्तिका मागवताना नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल द्यावे लागते आणि त्यानंतर दर महिन्याला अशी पत्रे येऊ लागतात की, देणगी न देणाऱ्याला आपण एखादे सेवाकार्य बुडवले, असे वाटावे. शिवाय मोठा देणगीदार एकदा पाठीशी उभा राहिला की, कोणता विषय शिकवायचा आणि कोणता टाळायचा, हे हळूहळू त्याच्या कलाने ठरू लागते. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय, जिथे मजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या धनवानांना खडसावले आहे, अशा अभ्यासमालेत किती वेळा येतो ते पाहावे. त्यापेक्षा हजार वाचकांनी थोडे थोडे मोजलेले बरे. त्यांतला कोणीही लेखकाचा मालक होत नाही.

तंबूकार

जमाखर्च यांचा आक्षेप मला खरोखर अडवतो, म्हणून आधी त्याबद्दल. पौलानेही करिंथकरांकडून काही घेतले नाही आणि फिलिप्पैकरांकडून घेतले. दाता कोण आहे आणि देण्यामागे काय आहे, याचा विचार त्याने केलेला दिसतो. म्हणून देणगी नाकारण्याची हिंमतही सेवाकार्यात असावी लागते, हे मान्य. पण विक्रीवर चालणारे प्रकाशनही खपणाऱ्या विषयाच्या कलाने जातेच. धनवानांविषयीचा अध्याय देणगीदाराला नको असेल, तर तो ग्राहकालाही फारसा हवा असतो अशातला भाग नाही.

मुद्रितवाचक, मोबदल्याबद्दल आपले दुमत नाही. आरंभीच्या मंडळीतील ‘दिदाखे’ हा छोटा नियमग्रंथ पैसे मागणाऱ्या संदेष्ट्याला खोटा ठरवतो आणि पुढे खऱ्या शिक्षकाला त्याचे अन्न मिळालेच पाहिजे, असेही सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात आहेत आणि त्या लिहिणाऱ्याला त्यात विसंगती वाटलेली नाही.

बालाचा वाटसरू

वेल्समधल्या मेरी जोन्सची गोष्ट अशा चर्चेत यायलाच हवी. या गरीब मुलीने सहा वर्षे पैसे साठवले आणि १८०० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सुमारे ४० किलोमीटर अनवाणी चालत बाला या गावी जाऊन टॉमस चार्ल्स या धर्मोपदेशकांकडून बायबल विकत घेतले, असे सांगितले जाते. १८०४ साली लंडनमध्ये ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी स्थापन झाली, तिच्या प्रेरणेशी ही गोष्ट नेहमी जोडली जाते. त्या संस्थेनेही सरसकट फुकट वाटण्यापेक्षा सवलतीच्या किमतीत बायबल विकण्यावर भर दिला. जे मोजून घेतले जाते, ते जपले जाते; फुकट वाटलेल्या पत्रिका कुठे पडलेल्या दिसतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

तंबूकार

ही गोष्ट तुम्ही किमतीच्या बाजूने सांगितलीत, पण मी ती ऐकतो तेव्हा मला दिसते ती नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, जिला स्वतःच्या भाषेतले शास्त्र हाती यायला सहा वर्षे थांबावे लागले. तिची तळमळ किमतीने निर्माण केली नाही. किंमत नसती, तरी ती चालत गेलीच असती, फक्त सहा वर्षे आधी.

दुसरी भाषा

इथपर्यंतची चर्चा किमतीभोवती फिरत आहे आणि माझ्या मते खरा अडसर किंमत नाहीच. आम्ही काही जण एका अल्पभाषक समाजासाठी नव्या विश्वासणाऱ्यांची अभ्यासमाला भाषांतरित करू इच्छित होतो. मूळ पुस्तक स्वस्त होते आणि आम्ही ते विकत घेतलेही होते. पण भाषांतराची परवानगी मागितल्यावर एक करारनामा आला: किती प्रती छापणार, कोणत्या प्रदेशात, किती वर्षांसाठी, आगाऊ शुल्क किती, आणि मुदत संपल्यावर उरलेल्या प्रतींचे काय करणार. वाचकांची संख्याच जिथे अंदाजाची, तिथे प्रतींचा रकाना काय भरायचा? काम तिथेच थांबले.

याच्या उलट, अनफोल्डिंगवर्ड या संस्थेने बायबलमधील ५० कथांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली दिला आहे की, श्रेय दिले आणि आपली आवृत्तीही त्याच अटीवर खुली ठेवली, तर कोणीही भाषांतर करावे, छापावे, हवे तर विकावेही. इथे विक्रीला बंदी नाही, हे तंबूकारांनी लक्षात घ्यावे. छापणाऱ्याने कागदाचे पैसे घ्यावेत, पण मजकूर कुलूपबंद नसावा. छापील प्रतीची किंमत आणि मजकुराचा स्वामित्वहक्क हे दोन प्रश्न आहेत आणि आपण ते एकत्र करून भांडत आहोत.

मुद्रितवाचक

हा भेद मला मान्य आहे, पण मजकूर मोकळा सोडण्यात एक धोका आहे, तोही सांगते. बायबलचे जर्मन भाषांतर करणाऱ्या धर्मसुधारक ल्यूथरने आपल्या लिखाणाचा मोबदला घेतला नाही, मात्र १५४१ च्या बायबलला त्याने छापखानेवाल्यांसाठी इशारा जोडला. आपल्याला फुकट मिळाले आणि आपण फुकट दिले, हे त्यात तो सांगतोच. त्याची तक्रार होती ती घाईघाईने चोरून छापणाऱ्यांविषयी, ज्यांच्या चुकांमुळे त्याला स्वतःचाच मजकूर ओळखू येईनासा झाला होता. परवानगीची अट नेहमी लोभातून येते असे नाही. विश्वासणाऱ्यांच्या हातात एखाद्या लेखकाच्या नावावर भलतीच शिकवण पडू नये, यासाठीही ती असते.

दुसरी भाषा

त्यासाठी शुल्क कशाला हवे? बदल केला असेल तर तसे स्पष्ट नोंदवा आणि मूळ लेखकाची त्याला मान्यता आहे असे भासवू नका, एवढी अट पुरते आणि अशा परवान्यांत ती असतेही. चुका टाळायच्या असतील, तर भाषांतर तपासायला तुमच्यासारखा माणूस द्या. आम्हाला आगाऊ शुल्क सांगणाऱ्या पत्रात भाषांतर कोण तपासणार, याबद्दल एक ओळही नव्हती.

मुद्रितवाचक

ते पत्र लिहिणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. छापील किमतीबाबत माझे मत मात्र कायम आहे, आणि तंबूकार, तुम्ही अजून माझ्या पहिल्या प्रश्नाला बगल देत आहात: फिलिप्पै ज्याच्या पाठीशी नाही, त्याने काय करायचे?

तंबूकार

त्याने आधी ज्या मंडळ्या त्याचे साहित्य वापरतात, त्यांच्याकडे उघडपणे मदत मागावी, हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा आणि जेवढे मिळेल तेवढेच छापावे. त्यात पुस्तके कमी निघतील, हे मला कळते. कागदाचा खर्च घेऊन छापील प्रत विकायला, ‘दुसरी भाषा’ यांचे म्हणणे वाचल्यावर, माझी हरकत उरत नाही, मात्र तोच मजकूर पैसे नसलेल्याला त्याच दिवशी मोफत वाचता आला पाहिजे.

मुद्रितवाचक

आणि तो मोफत मिळू लागल्यावर छापील प्रत कोण घेईल, हे छापखान्याचे बिल भरणाऱ्याला विचारा. काही जण घेतील. तेवढ्यावर माझे मानधन निघेल का, याची मला शंका आहे.