वायरलेस गेमिंग हेडसेट म्हणजे पैसे पाण्यात?

तारवाला
धाकट्या भावाला व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमसाठी हेडसेट हवाय. एका वायरलेस गेमिंग हेडसेटवर अडून बसलाय. दिवे काय, चहूबाजूंनी आवाज येतोय असं भासवणारं ७.१ सराउंड काय! मी त्याच्या डोक्यावर माझा वायरवाला हेडफोन, सेनहायझर एचडी ५६०एस चढवला. दोन राउंड खेळून म्हणतो, "दादा, डावीकडून येतोय की मागून, ते कळतंय रे."

माझं मत सरळ आहे. गेमिंग हेडसेटच्या किमतीत बॅटरी, रेडिओ, माइक, दिवे, जाहिरात सगळे वाटेकरी; आवाज काढणाऱ्या ड्रायव्हरच्या वाट्याला उरलंसुरलं. वर बहुतेकांचा बेस फुगवलेला. स्फोट दणदणीत वाटतो, पण शत्रूची पावलं त्याखाली गाडली जातात. ७.१ तर निव्वळ थाप. कान दोन, ड्रायव्हर दोन. आवाज डोक्याभोवती कुठून येतोय याचा हिशेब व्हॅलोरंट स्वतः करतो, एचआरटीएफ चालू केलं की झालं. त्यावर हेडसेटचं ७.१ चढवलं की नुसता काला.

आणि टिकाऊपणा? सेनहायझरचंच एचडी ६०० हे १९९७ चं मॉडेल, आजही विकलं जातं. पॅड, वायर सगळं सुटं मिळतं. वायरलेसची आत बंद केलेली बॅटरी काही वर्षांनी मान टाकते, मग काय?

तिसरा_मजला
दादा, तुमची स्वतंत्र खोली असावी. आमच्याकडे पंखा पाचावर, स्वयंपाकघरात मिक्सर आणि हॉलमध्ये मालिका. ५६०एससारखा मागून उघडा, ओपन-बॅक हेडफोन म्हणजे बाहेरचं सगळं आत. शत्रूची पावलं सोडा, मला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत होत्या. महिनाभरात विकून टाकला.

आणि माइकचं काय? ५६०एसला माइकच नाही. वेगळा घ्या, त्याची वेगळी वायर. टेबलाखाली आधीच वारूळ झालंय.

रात्रपाळी
काही म्हणा, वायरलेस म्हटलं की लॅग आलाच.

ओहमचा_नियम
@रात्रपाळी, ब्लूटूथ आणि डोंगल (यूएसबीत लावायचा रिसीव्हर) एकाच मापात मोजू नका. साध्या, एसबीसी पद्धतीच्या ब्लूटूथला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, गोळी आधी दिसते आणि मग ऐकू येते. शिवाय जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर माइक चालू केला की आवाज थेट फोन कॉलच्या दर्जावर उतरतो. मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांना विचारा. २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलचा उशीर मात्र इतका कमी असतो की माझ्यासारख्याला हरल्यावर तेवढंही निमित्त उरत नाही.

@तारवाला, तुम्ही एचडी ६०० चं नाव घेतलं, पण तो ३०० ओहमचा, म्हणजे चालवायला जास्त जोर लागणारा आहे हे गाळलंत. साध्या लॅपटॉपच्या जॅकला लावला तर आवाज दबून येतो. म्हणजे आवाजाला जोर देणारं वेगळं अँप आलं. त्याचे पैसे कुठल्या खात्यात?

तारवाला
मान्य, म्हणूनच भावाला ५६०एस दिला. तो १२० ओहमचा, माझ्या लॅपटॉपवर निभतो. ६०० चं उदाहरण टिकाऊपणासाठी होतं.

विदर्भकन्या
ड्रायव्हरला उरलंसुरलं मिळतं हे सरसकट खरं नाही. ऑडीझी मॅक्सवेल बघा. वायरलेस गेमिंग हेडसेटच आहे, पण आत ९० मिलिमीटरचे प्लॅनर (सपाट पडद्याचे) ड्रायव्हर, आणि बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार ८० तासांच्या वर. हायपरएक्सच्या क्लाउड अल्फा वायरलेसचा दावा तर ३०० तासांचा. चार्जिंगची कटकट हा मुद्दा आता जुना झाला.

तरी मी वायरवाल्यांच्याच बाजूने आहे, पण कारण वेगळं. वजन. मॅक्सवेल ४९० ग्रॅम, ५६०एस २४० ग्रॅम. मी दिवसभर कॉलवर असते आणि संध्याकाळी दोन तास खेळते. आधीचा हेडसेट रेक्झिनच्या पॅडचा होता. नागपुरात मे महिन्यात तो घालून बघा, कानाची वाफवलेली वडी होते. ही चर्चा एसीत बसून करू नये.

तिसरा_मजला
ताई, कॉलच्या मध्ये पाणी आणायला उठलात की हेडफोन काढता ना? मी बोलत बोलत स्वयंपाकघरात जातो, दाराची बेल वाजली तर दार उघडतो. तुम्ही लोक आवाजाचं मोजमाप करत बसता, पण दिवसातून वीस वेळा ते डोक्यावरून काढणं-घालणं कोणी मोजत नाही. माझ्यासाठी तिथेच निकाल लागतो.

विदर्भकन्या
हा मुद्दा मात्र बिनतोड. मी परवा वायरीसकट उठले, लॅपटॉप थोडक्यात वाचला.

तारवाला
ताजी खबर. भाऊ रात्री दीड वाजता खेळत होता आणि बाबांनी दार वाजवलं, "त्या गोळ्या बंद कर!" ओपन-बॅकचा आवाज बाहेरही जातो, हे मी एकटा राहायला लागल्यापासून विसरलोच होतो. तेव्हा ओपन-बॅक रद्द. पण वायरलेस नाही म्हणजे नाही! बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमवाला बघतोय. क्लोज्ड, म्हणजे मागून बंद आहे आणि पॅड मखमलीसारखे, म्हणजे ताईंचा वडीचा प्रश्नही थोडा सुटेल.

ओहमचा_नियम
चांगला आहे. फक्त त्याची वायर तीन मीटर लांब आहे आणि हेडफोनमधून सुटी होत नाही. भावाच्या खुर्चीला चाकं आहेत का?

तारवाला
आहेत.

ओहमचा_नियम
मग सोल्डरिंग गन पण कार्टात टाका.