अलास्काची क्रूझ आणि पक्षीनिरीक्षण : मार्ग कोणता निवडावा, उभे कुठे राहावे?

प्रश्न (कुरव) :
नमस्कार. येत्या जूनमध्ये आई-वडील, पत्नी आणि दोन मुले यांच्यासह अलास्काची सात रात्रींची क्रूझ करण्याचे ठरत आहे. घरात पक्ष्यांचा नाद मला एकट्यालाच आहे, त्यामुळे केवळ पक्ष्यांसाठी निघणाऱ्या लहान बोटीचा विचार करता येत नाही. मोठ्या जहाजाचे दोन पर्याय समोर आहेत. एक सिॲटलहून निघून सिॲटललाच परतते, तर दुसरे व्हँकुव्हरहून निघून अलास्कातल्या सीवर्ड बंदराला प्रवास संपवते. पक्ष्यांच्या दृष्टीने यातले कोणते सरस? बाल्कनीच्या खोलीसाठी जास्त पैसे मोजावेत का? आणि १० × ४२ची (१० पट मोठे दाखवणारी) दुर्बीण व स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण) असे दोन्ही सोबत घ्यावे का?

प्रतिसाद १ (उत्तरवारा) :
समुद्रपक्षी हवे असतील तर नकाशावर किनाऱ्याची आडोशाची बाजू कुठे संपते आणि खुला समुद्र कुठे सुरू होतो, ते आधी पाहावे. सिॲटलची जहाजे बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हरची जहाजे मात्र बेटाच्या आतल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून सरकतात, पण पुढे सीवर्डला जाताना त्यांना अलास्काचे आखात ओलांडावे लागते. तिथे काळ्या पायांचा अल्बट्रॉस, फुल्मार आणि न्यूझीलंडकडच्या बेटांवर वीण आटोपून उन्हाळाभर उत्तरेत येणारे सूटी शिअरवॉटर दिसण्याची चांगली शक्यता असते. आखातात जहाज डोलते आणि त्या दिवशी घरातली निम्मी मंडळी खोलीतच पडून राहतात, हेही आधीच सांगून ठेवतो.

तरीही माझ्या मते निवड या मुद्द्यावर करू नये. वेळापत्रकात ग्लेशियर बे आहे की नाही, यावर करावी. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, म्हणून अनेक जहाजे तिथे जातच नाहीत. १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेला हा उपसागर जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेला दिसला होता; त्यानंतर हिमनदी सुमारे १०० किलोमीटर मागे हटली. त्यामुळे तोंडाशी घनदाट अरण्य आणि आत जावे तसतसा उघडा खडक, असा क्रम एकाच दिवसात डोळ्यांसमोरून जातो आणि पक्षीही त्याप्रमाणे बदलतात. मार्बल्ड मरलेट हा जुन्या वृक्षांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर अंडे घालणारा समुद्रपक्षी आहे, तर त्याचा भाऊबंद किट्लिट्झचा मरलेट डोंगरमाथ्याजवळच्या उघड्या दगडगोट्यांत घरटे करतो आणि हिमनद्यांच्या गढूळ पाण्यात भक्ष्य शोधतो. साउथ मार्बल बेटाजवळ तुऱ्याचे पफिन, मर (murre) आणि किटिवेक या समुद्रपक्ष्यांच्या वसाहती आहेत, आणि खडकांवर पसरलेले समुद्रसिंह मुलांनाही नक्की आवडतील.

प्रतिसाद २ (डेकवरचा) :
मार्गाबद्दल सहमत आहे, बाल्कनीबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. बाल्कनीतून जहाजाची एकच बाजू दिसते आणि पक्षी नेमके पलीकडच्या बाजूने जातात. शिवाय वरच्या मजल्यावरून खाली पाहिले की मरलेट म्हणजे पाण्यावरचा एक ठिपका उरतो. जहाजाला फेरी मारता येईल असा खालचा प्रोमनेड डेक असेल तर तीच खरी जागा. बाल्कनी घ्यायचीच असेल तर आई-वडिलांसाठी घ्यावी, कारण थंड वाऱ्यात तासन् तास उभे राहणे त्यांना झेपणार नाही.

स्कोप घरीच ठेवावा. इंजिनाची थरथर थेट तिपाईत उतरते आणि चित्र कधीच स्थिर होत नाही. हलत्या डेकवर १०पेक्षा ८ पट दुर्बीण बरी, कारण तिचे दृश्यक्षेत्र रुंद असते आणि उडता पक्षी चटकन सापडतो. जूनमध्ये अलास्कातल्या जूनो बंदराला सुमारे अठरा तास उजेड असतो. तेव्हा पहाटेचे दोन-तीन तास स्वतःसाठी घ्यावेत आणि न्याहारीपासून कुटुंबात मिसळावे. तेवढ्याने कोणाची तक्रार राहत नाही.

कुरव :
दोघांचेही आभार. ग्लेशियर बे असलेलीच सफर घेतो आणि स्कोप रद्द करतो. मुलांनाही सहज ओळखता येतील असे पक्षी कोणते? आणि जहाज बंदराला लागल्यावर सर्वांना सोबत नेऊन पक्षी पाहता येतील का?

प्रतिसाद ३ (सुरय) :
पफिनपासून सुरुवात करावी. जहाज जवळ आले की तो पाण्यावर धावत सुटतो, आखूड पंख जिवाच्या आकांताने फडफडवतो, आणि पोट लाटांवर आपटत राहिले तरी हवेत उठण्याचे नाव घेत नाही; मग अचानक विचार बदलून बुडीच मारतो. हे एकदा पाहिले की मुले त्याला विसरत नाहीत. गिलेमॉटही सोपा आहे, कारण काळ्या अंगावर पांढरा पट्टा आणि उडताना दिसणारे लालभडक पाय अशी त्याची खूण आहे. मरलेट मात्र मुलांवर लादू नयेत. दुर्बीण रोखेपर्यंत ते पाण्याखाली गेलेले असतात.

जूनोला मेंडेनहॉल हिमनदी पाहायला तुम्ही सगळे जाणारच असाल. तिथल्या तळ्याच्या परिसरात आर्क्टिक सुरय वीण करतात. कुंपण घातलेल्या भागापासून दूर उभे राहावे, कारण पिल्लांजवळ गेल्यास ते थेट डोक्यावर झेपावतात. बाल्ड ईगल बंदरातल्या डोलकाठ्यांवरही बसलेले दिसतात, त्यामुळे आई-वडिलांना बाकावर बसल्याबसल्या ते पाहता येतील.

आणखी एक सूचना. रात्री खोलीचे पडदे लावून घ्यावेत. दिव्यांच्या उजेडाला भुलून स्टॉर्म-पेट्रेल हे छोटे समुद्रपक्षी जहाजावर उतरतात, आणि सपाट डेकवरून त्यांना पुन्हा उडता येतेच असे नाही. असा पक्षी सापडल्यास त्याला पाणी किंवा खाणे देऊ नये आणि हवेत फेकूही नये. हवा खेळेल अशा अंधाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अलगद ठेवून जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या ताब्यात द्यावा.