इसेकाईचे साचे जुने झाले आहेत, की विनोद आणि गांभीर्य यांचा मेळ बिघडला आहे?

प्रश्न : निशाचर

इसेकाई ॲनिमे, म्हणजे नायक दुसऱ्या जगात जाऊन पडतो अशा जपानी ॲनिमेशन मालिका, मी आवडीने पाहतो, तरीही अलीकडे नवी मालिका लावली की पहिल्या भागात काय घडणार हे आधीच ठाऊक असते. आयुष्याला कंटाळलेला तरुण ट्रकखाली सापडतो, एखादी देवी त्याला अफाट शक्ती बहाल करते, डोळ्यांसमोर गुणांचा तक्ता तरंगू लागतो, साहसवीरांच्या संघटनेत, म्हणजे गिल्डमध्ये, नाव नोंदवताना शक्ती मोजणारा स्फटिक फुटतो आणि चौथ्या भागापर्यंत त्याच्याभोवती तीन-चार मुली जमलेल्या असतात. या साच्यांविषयी तक्रार करणे हाही आता एक साचाच झाला आहे, म्हणून मी जरा वेगळे विचारतो.

‘कोनोसुबा’ आणि ‘री:झीरो’ या दोन्ही मालिका २०१६ मध्ये, तीन महिन्यांच्या अंतराने सुरू झाल्या. दोन्हींचे नायक शाळा सोडून घरात बसलेले, गेम खेळण्यात दिवस घालवणारे तरुण आहेत आणि दुसऱ्या जगात आपणच नायक ठरणार अशी दोघांचीही समजूत आहे. एक मालिका त्या समजुतीला हसते, तर दुसरी त्याच समजुतीपायी नायकाला पुन्हा पुन्हा मरायला लावते. मला दोन्ही सारख्याच आवडल्या. मात्र यांच्या अधेमध्ये राहणाऱ्या बहुतेक मालिका, ज्यांत अर्धा भाग स्नानगृहातल्या विनोदांत जातो आणि उरलेल्या अर्ध्यात एखादे गाव बेचिराख होते, त्या मला हसवतही नाहीत आणि हलवतही नाहीत. मग इसेकाईने दोहोंपैकी एक काहीतरी निवडावे का? की दोन्ही एकत्र नांदवण्याची काही रीत आहे आणि ती फार थोड्यांना साधते?

उत्तर १ : जुनी कॅसेट

आधी हे साचे आले कुठून ते पाहावे लागेल. दुसऱ्या जगात जाण्याची कथा जुनी असली, तरी तुम्ही दिलेली यादी तुलनेने अलीकडची आहे. १९८३ ची ‘ऑरा बॅटलर डनबाइन’, १९९४ ची ‘मॅजिक नाइट रेअर्थ’ आणि १९९६ ची ‘एस्काफ्लोने’ या तिन्हींत माणसे परक्या जगात जाऊन पडतात, पण कुणाच्या डोळ्यांसमोर तक्ता उघडत नाही. १९९९ ची ‘नाऊ अँड देन, हिअर अँड देअर’ तर या प्रश्नासाठी मुद्दाम पाहावी अशी आहे. तिचा नायक शू हा हसतमुख, हट्टी, कधीही हार न मानणारा मुलगा आहे, म्हणजे साहसकथेत शोभणारा. तो पोहोचतो अशा जगात, जिथे पाण्यासाठी युद्ध चालू आहे आणि पळवून आणलेल्या लहान मुलांच्या हाती बंदुका दिलेल्या आहेत. त्याच्या आशावादाने तिथे कोणताही चमत्कार घडत नाही. तो फक्त टिकून राहतो, आणि तेवढेही पुष्कळ वाटावे इतके ते जग भीषण आहे. २००२ च्या ‘द ट्वेल्व्ह किंग्डम्स’मध्ये योको नावाची मुलगी इतक्यांदा फसवली जाते की, तिचा जीव वाचवणाऱ्यालाच मारून टाकावे का, असा विचार एका क्षणी तिच्या मनात येतो. आजच्या नायकांपैकी किती जणांना असा क्षण वाट्याला येतो?

आजचा साचा घडला तो ‘शोसेत्सुका नि नारो’ या २००४ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर. तिथे कुणीही आपली कादंबरी क्रमशः टाकू शकतो, वाचकांच्या पसंतीवर तिची क्रमवारी ठरते आणि वर चढलेल्या कादंबरीला आधी प्रकाशक, मग मांगा (जपानी चित्रकथा) आणि शेवटी ॲनिमे मिळण्याची शक्यता असते. अशा गर्दीत वाचक शीर्षक आणि पहिली दोन-तीन प्रकरणे पाहूनच पुढे वाचायचे की नाही ते ठरवतो. त्यामुळे ट्रक, देवी आणि तक्ता ही एक लघुलिपी बनली; नायक मेला कसा आणि नवे जग चालते कसे हे समजावण्यात वेळ न घालवता लेखक थेट मूळ कल्पनेवर येऊ शकतो. या कथांचा पूर इतका वाढला की २०१६ मध्ये त्या संकेतस्थळाला दुसऱ्या जगातल्या पुनर्जन्माच्या आणि स्थलांतराच्या कथांची क्रमवारीच वेगळी करावी लागली.

लघुलिपी मुळात विनोदीही नसते आणि गंभीरही नसते. वाचवलेला वेळ लेखक कशावर खर्च करतो एवढाच प्रश्न उरतो. ‘कोनोसुबा’चा काझुमा समजतो की ट्रकखाली येणाऱ्या मुलीला वाचवताना आपल्याला वीरमरण आले, प्रत्यक्षात तो सावकाश चाललेला ट्रॅक्टर होता, मुलीला काहीच धोका नव्हता आणि काझुमा निव्वळ धसक्याने मेला. हा विनोद ट्रकचा साचा पाठ असलेल्या प्रेक्षकासाठीच रचलेला आहे.

उत्तर २ : वाकडी रेघ

विनोदाला इतके झुकते माप देऊ नये असे मला वाटते. साच्याची थट्टा करणे ही आता गंभीर कथा लिहिण्याइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, मळलेली वाट आहे. कोळी म्हणून पुनर्जन्म झाला, स्लाइम (लिबलिबीत गोळा) म्हणून झाला, २०२३ च्या एका मालिकेत तर नायक नाणी टाकून वस्तू देणारे यंत्र म्हणून जन्माला आला. यांतल्या काही मालिका चांगल्या आहेत हे मान्य, परंतु अनेकींचा विनोद शीर्षक वाचून होताच संपतो आणि त्यानंतर तेच गिल्ड, तोच अंधारकोठडीचा चक्रव्यूह आणि तोच डेमन लॉर्ड, म्हणजे राक्षसांचा राजा, पुढे येतो. ‘आम्हाला ठाऊक आहे की हे जुने आहे’ असे डोळा मिचकावून सांगितल्याने जुने ते नवे होत नाही.

२०२२ ची ‘द एमिनन्स इन शॅडो’ मात्र मी याला अपवाद धरतो, कारण तिथे थट्टेला रचना आहे. नायक सिड एक गुप्त दुष्ट संघटना मनाने रचतो, ती नेमकी खरी निघते, आणि त्याच्याभोवतीची सगळी माणसे जिवावर उदार होऊन एका गंभीर कथेत जगत असताना तो एकटा खेळ खेळत राहतो. कुणीही कुणाचा गैरसमज दूर करत नाही.

उत्तर ३ : अर्धविराम

मूळ प्रश्नाकडे येतो. विनोद आणि गांभीर्य एकत्र नांदवण्याची रीत आहे, आणि ती ओळखण्यासाठी मी एकच गोष्ट पाहतो : विनोदाची किंमत कथेत कुणीतरी मोजते का?

‘कोनोसुबा’ हलकीफुलकी म्हणून ओळखली जाते, पण तिचा हिशेब पक्का आहे. काझुमाच्या गटातली जादूगार मेगुमिन दिवसातून एकच स्फोट करू शकते आणि नंतर तिला पाठीवर घालून न्यावे लागते; योद्धा डार्कनेसची तलवार कुणालाही लागत नाही; शत्रूचा सेनापती बेल्दियाला हरवताना देवी ॲक्वाने आणलेल्या पुरात शहराचे इतके नुकसान होते की भरपाई बक्षिसाहून मोठी ठरते आणि काझुमा कर्जबाजारी होतो. ते कर्ज पुढच्या भागात विसरले जात नाही. म्हणून प्रेक्षक हसतो आणि त्या जगावर विश्वासही ठेवतो.

‘ओव्हरलॉर्ड’मध्ये हीच गोष्ट अंगावर काटा आणते. सांगाड्याच्या देहात अडकलेला नोकरदार माणूस आपले अज्ञान उघडे पडू नये म्हणून गंभीर चेहऱ्याने मोघम बोलतो, आणि हाताखालचे त्यात अगाध डावपेच शोधतात. ताऱ्यांकडे पाहत तो सहज म्हणतो की हे जग जिंकणेही गमतीचे ठरेल, आणि ते वाक्य धोरण बनते. पहिल्यांदा आपण पोट धरून हसतो. तिसऱ्या पर्वात त्याच धोरणाखाली रणांगणावर हजारोंचा चुराडा होतो, तेव्हा लक्षात येते की गैरसमजाच्या या प्रहसनाचे बिल त्या जगातली सामान्य माणसे भरत होती. मालिकेने आपला सूर बदलला असे मला कधीच वाटले नाही.

‘असेंडन्स ऑफ अ बुकवर्म’ची नायिका भूकंपात पुस्तकांच्या ढिगाखाली चिरडून मरते आणि जिथे पुस्तक ही श्रीमंतांची वस्तू आहे अशा जगात आजारी, गरीब मुलगी म्हणून जन्मते. तिचे पुस्तकवेड हास्यास्पद आहे. गवताचे धागे विणून पाहते, ते जमत नाही. मातीच्या पाट्या भट्टीत फुटतात. लाकडाच्या पट्ट्या आई सरपण समजून जाळते. प्रत्येक फजितीत हसू आहे, आणि प्रत्येक फजितीत गरिबी कशी असते तेही दिसते. तिला कोणतीही तयार शक्ती आयती मिळत नाही. मिळतो तो ज्वर, आणि तो जीवघेणा आहे.

मला सर्वांत जास्त खटकते ती उलट वाट, म्हणजे गांभीर्याच्या आडून साच्याला सूट मिळवणे. ‘द रायझिंग ऑफ द शील्ड हीरो’ खोटा आरोप आणि सामाजिक बहिष्कार यांपासून सुरू होते, ही सुरुवात दमदार आहे. पण नायक गुलाम विकत घेतो, आणि त्याचा विचार करण्याऐवजी कथा त्या गुलाम मुलीला, राफ्तालियाला, मुक्त झाल्यावर स्वतःहून गुलामीची ती खूण परत मागायला लावते. एका अवघड प्रश्नावर भावुकतेचा शिक्का मारून तो बंद केला गेला. ‘मुशोकू टेन्सेई’विषयी माझे मत दुभंगलेले आहे. तिथले कामुक विनोद पात्राच्या विकृतीवर बोट ठेवतात असे समर्थन केले जाते, मला ते निम्मेच पटते. मात्र नायक रुडेउस आपल्या प्रवासाची रंगतदार कहाणी वडिलांना सांगतो आणि दुर्घटनेनंतर बेपत्ता कुटुंबाला शोधून खचलेला पॉल भडकतो, तो प्रसंग मला फार मोठा वाटतो. इतके भाग ज्या साहसाची मजा आपण लुटली, त्याच मजेचा जाब तिथे विचारला जातो.

निशाचर (मूळ प्रश्नकर्ता)

किंमत मोजण्याची कसोटी मला पटली, पण तिने ‘स्लाइम’चे, म्हणजे स्लाइम म्हणून जन्मलेल्या रिमुरूच्या मालिकेचे, काय होते? २०२१ च्या दुसऱ्या पर्वात त्याची साथीदार शिऑन आणि नगरातले अनेक जण मारले जातात, रिमुरू सुमारे २० हजार सैनिकांचा संहार करून डेमन लॉर्ड बनतो आणि आपली माणसे जिवंत करतो. तो संहार पाहताना मी खरोखर हादरलो होतो. त्यानंतर थोड्याच अवधीत शिऑनच्या स्वयंपाकावरचे विनोद पुन्हा सुरू झाले आणि मला फसवल्यासारखे वाटले. मरण मागे फिरवणे हाच दोष मानायचा, तर ‘री:झीरो’ त्याच पायावर उभी आहे, कारण तिथे नायक मेला की काळ मागे जातो.

उत्तर ४ : अर्धविराम

‘स्लाइम’मध्ये किंमत मोजली जाते, पण ती परक्या सैनिकांनी मोजलेली असते, ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत, रिमुरूच्या घरातले कुणीच कमी होत नाही. ती मालिका मुळात राज्य उभारण्याच्या आनंदाची आहे आणि त्या आनंदाला कायमचा तडा जाऊ देण्याची तिची तयारी नाही. ‘ग्रिमगार’शी तुलना करून पाहा. तिथे एका गॉब्लिनला (छोट्या राक्षसाला) मारणे हेच इतके ओबडधोबड आणि लांबलेले आहे की पाहवत नाही, आणि गटाचा म्होरक्या मानातो गेल्यानंतर त्याची रिकामी जागा उरलेल्यांच्या प्रत्येक निर्णयात जाणवते.

‘री:झीरो’त जगाचे मरण पुसले जाते, नायक सुबारूची आठवण पुसली जात नाही. शिवाय पहिल्या काही भागांत ज्या बढाईखोर बोलण्याला आपण हसलो, तेच बोलणे राजनिवडीच्या दरबारात त्याची शोभा करते आणि त्याला आवडणाऱ्या एमिलियाशी असलेले नाते तोडते. म्हणजे तिथला विनोद पुढच्या शोकांतिकेचा पुरावा म्हणून वापरला गेला आहे. आणि दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला, त्याच्यावर प्रेम करणाऱ्या रेमला सारे जग विसरले आहे हे कळल्यावर तो मागे जाण्यासाठी स्वतःचा जीव घेतो, तर जाग येते ती तिच्या अंथरुणाशेजारीच, कारण परतीचे ठिकाण तोवर पुढे सरकलेले असते.