मदत हवी आहे : २६/११ आणि थेट प्रक्षेपण

अकरावीच्या मुलांसमोर दहशतवादी प्रसारमाध्यमं कशी वापरतात यावर बोलायचंय. ताजमधल्या अतिरेक्यांना पाकिस्तानातले सूत्रधार टीव्ही बघत फोनवरून सूचना देत होते; आग लावा, ती जगाला दिसली पाहिजे, असं बजावत होते. ते संभाषण वाचताना अंगावर काटा येतो. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली.

पण आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे! मुलांनी काय फॉरवर्ड करू नये, हे भाषण न वाटता कसं पोचवू? त्या रात्री कुणी न्यूजरूममध्ये होतं का? प्लीज, अनुभव सांगा. कार्यक्रम पुढच्या शनिवारी आहे.